कॅप्सूल, बांगडा आणि जवसाची चटणी



चिंचोटी म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तुंगारेश्वरच्या जंगलातला धबधबा आठवेल. मला मात्र आठवतं ते माझ्या ताईचं घर. मुंबई-अहमदाबाद हायवेवरून कामण-भिवंडीकडे रस्ता फुटतो ना, त्या नाक्यापासून थोडं आत. भावजी टेम्पो चालवतात, ताई एका गोदामात पॅकिंगचं काम करते. घरात भावजींची आई म्हणजे आजी, आणि माझी भाची. भाची यंदा दहावीला आहे. म्हणजे घरात सध्या कुठलं वातावरण असेल, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको!

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. रात्री जेवणं झाली. ताईनं फडताळातून एक बाटली काढली आणि दोन पिवळ्याधमक, चकचकीत कॅप्सूल भाचीच्या हातावर ठेवल्या.

"हे काय गं?" मी विचारलं.

"अगं, तूच नाही का फोनवर म्हणालीस, ओमेगा-३ मेंदूला चांगलं असतं म्हणून? साठ कॅप्सूलची बाटली आहे. आठशे चाळीस रुपये! रोज दोन देते."

मी गप्पच झाले. बोलले होते खरी मी. पण बोलता बोलता अर्धवट बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली मावशी दारात आली. "ताय, बांगडा हाय बघ ताजा, घेतेस का?" ताई म्हणाली, "नको गं, या महिन्यात नको." मावशी पुढे गेली. आजी कोपऱ्यातून हळूच मला म्हणाल्या, "बाटली आणली ना, म्हणून बुधवार-शुक्रवारची मासोळी बंद केली तिनं. दूधबी अर्धा लिटर कमी केलं."

आणि संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेलो, तेव्हा भाची मला एकदम म्हणाली, "मावशी, एवढ्या महाग गोळ्या घेऊनही मला मार्क कमी पडले तर?"

मुलांनो, त्या प्रश्नानं माझ्या पोटात कालवलं. म्हणून आज ठरवलंय, त्या दिवशी फोनवर जे अर्धवट सांगितलं ते तुम्हाला आणि तुमच्या आई-बाबांना पुरतं सांगायचं.

ही आगगाडी बघा

आपण जे तेल-तूप खातो त्यात मेदाम्लं असतात. मेदाम्ल म्हणजे काय? कार्बनच्या अणूंची लांबलचक साखळी. मी भाचीला ती आगगाडी काढून समजावली. तिच्या घराजवळून वसई-दिवा गाडी जाते, जूचंद्र आणि कामण रोड अशी स्टेशनं आहेत. समजा, गाडीचा प्रत्येक डबा म्हणजे एक कार्बन. दोन डब्यांना जोडणारी कडी बहुतेक ठिकाणी एकेरी असते, पण काही ठिकाणी दुहेरी.

आता गाडीच्या शेपटीकडून, म्हणजे गार्डाच्या बाजूनं डबे मोजायला लागा. ग्रीक बाराखडीतलं शेवटचं अक्षर ओमेगा, म्हणून या शेपटीच्या टोकाला म्हणायचं ओमेगा. पहिली दुहेरी कडी तिसऱ्या डब्यानंतर आली, तर ते ओमेगा-३. सहाव्या डब्यानंतर आली, तर ओमेगा-६. झालं! एवढंच आहे त्या भारदस्त नावात.

आपलं शरीर मोठं हुशार कारागीर आहे. पुष्कळ प्रकारची मेदाम्लं ते स्वतःच तयार करतं. पण शेपटीकडच्या त्या तिसऱ्या आणि सहाव्या जागी दुहेरी कडी बसवणं काही त्याला जमत नाही. म्हणून असं प्रत्येकी एक मेदाम्ल आपल्याला जेवणातूनच मिळवावं लागतं. त्यांना म्हणतात आवश्यक मेदाम्लं. ओमेगा-६ मधलं लिनोलिक आम्ल आणि ओमेगा-३ मधलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल.

हे कसं कळलं? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर हे पती-पत्नी काम करत. त्यांनी उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेलं अन्न दिलं. उंदरांची वाढ खुंटली, कातडी नि शेपटी खवल्यांसारखी झाली. मग थोडंसं योग्य स्निग्ध दिल्यावर ते सुधारले. १९२९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तोवर लोकांना वाटे, तेल-तूप म्हणजे नुसतं जळण!

आता महत्त्वाची गोष्ट. अल्फा-लिनोलेनिक ही अठरा डब्यांची गाडी. मेंदूच्या आणि डोळ्यातल्या पडद्याच्या पेशींत जी लागते ती बावीस डब्यांची, तिचं नाव डी.एच.ए. मधली वीस डब्यांची ई.पी.ए. आपलं शरीर अठरा डब्यांच्या गाडीला आणखी डबे जोडू शकतं, पण हे काम फार सावकाश आणि थोडंच होतं. मासळीत मात्र वीस आणि बावीस डब्यांच्या गाड्या तयारच मिळतात. मासे त्या आणतात कुठून? समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून. शेवाळ छोटे जीव खातात, त्यांना छोटे मासे, आणि छोट्यांना मोठे. म्हणजे मूळ कारखाना माशाचा नव्हेच, शेवाळाचा!

बाटलीची मागची बाजू

हे सगळं ऐकल्यावर भाचीनं स्वतःच बाटली आणली आणि म्हणाली, "मावशी, हिच्यावर तर १००० मिलिग्रॅम लिहिलंय."

"मागं वाच," मी म्हटलं.

मागं बारीक अक्षरं होती. प्रत्येक कॅप्सूलमध्ये मासळीचं तेल १००० मिलिग्रॅम. त्यात ई.पी.ए. १८० आणि डी.एच.ए. १२०. भाचीनं बेरीज केली, ३००. "म्हणजे बाकीचे सातशे?" बाकीचे सातशे म्हणजे त्या तेलातली इतर मेदाम्लं. वाईट नाहीत, पण ज्यासाठी पैसे मोजले ती ती नव्हेत. पुढच्या बाजूचा मोठा आकडा तेलाचा असतो, कामाचा आकडा मागच्या बाजूला असतो. हे तुम्ही पक्कं लक्षात ठेवा.

आणखी एक ओळ तिला सापडली. "दिवसातून एक, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं." ताई दोन देत होती, का तर गुण लवकर यावा! ताईला हे दाखवलं तेव्हा ती ओशाळली. पण मुलांनो, आईवर हसू नका हं. आपल्या लेकरासाठी जास्तीत जास्त करावं, असंच कुठल्याही आईला वाटतं.

मग आम्ही हिशेब मांडला. एक कॅप्सूल चौदा रुपयांची. तिच्यातून मिळणार ३०० मिलिग्रॅम. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० साली मोठ्या माणसांसाठी ई.पी.ए. आणि डी.एच.ए. मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम पुरेसे धरले, आणि दोन वर्षांपुढच्या मुलांनाही त्याच धर्तीवर आठवड्यातून एक-दोनदा तेलकट मासा सुचवला. तेलकट मासा म्हणजे आपले बांगडा, तारली हेच की! हंगामाप्रमाणे माशातलं तेल कमीजास्त होतं, पण एका बऱ्यापैकी बांगड्यात एका कॅप्सूलएवढं तरी सहज मिळतं. शिवाय प्रथिनं मिळतात, पोट भरतं, आणि घरातली चारही माणसं खातात.

म्हणजे गंमत बघा. जे विकत घ्यायला ताईनं बाटली आणली, तेच परवडावं म्हणून तिनं पाटीतलं बंद केलं होतं!

आजीची बरणी

"पण मला बांगड्याचा वास नाही आवडत," भाची कुरकुरली. तिची शाकाहारी मैत्रीणही तिथेच बसली होती. ती म्हणाली, "आणि आमच्याकडे तर मासे चालतच नाहीत. मग आम्ही काय करायचं?"

आजी मूळच्या यवतमाळकडच्या. त्या उठल्या आणि फळीवरची बरणी काढली. जवसाची चटणी! गावाकडून आणलेलं जवस भाजून, त्यात लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटलेली.

"काऊन वं पोरी, एवढ्या पैशाची गोळी गिळतेस, अन् हे जवस नाही खात?"

आजींचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. जवस, म्हणजे अळशी, हा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा मोठा साठा आहे. १०० ग्रॅम जवसात ते सुमारे २२ ग्रॅम असतं. चहाचे दोन सपाट चमचे जवसाची पूड, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, घेतली तर १.१ ग्रॅम मिळतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १४ ते १८ वर्षांच्या मुलींसाठी दिवसाला १.१ ग्रॅम आणि मुलांसाठी १.६ ग्रॅम पुरेसं धरलं आहे. म्हणजे भाकरीबरोबर रोज थोडी चटणी खाल्ली की मुलीचं काम झालं, मुलानं एक चमचा जास्त घ्यावा.

मात्र दोन गोष्टी सांभाळायच्या. जवस अख्खं गिळलं तर त्याचं टणक साल पचत नाही आणि दाणा तसाच बाहेर पडतो. म्हणून ते कुटून किंवा दळूनच खावं. आणि पूड फार दिवस ठेवू नये, तिचं तेल खवट होतं. आठवड्याला पुरेल एवढीच करावी, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. भाजलेलंच खावं, आणि दोन-तीन चमच्यांवर जाण्याची गरज नाही.

अक्रोडातही हे आम्ल आहे. मोहरीच्या आणि सोयाबीनच्या तेलात आहे. आपल्या घरी जे शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, करडईचं किंवा खोबऱ्याचं तेल असतं, त्यात ते जवळजवळ नाहीच. शेंगदाणा, सूर्यफूल आणि करडई यांतून ओमेगा-६ मात्र भरपूर मिळतं. म्हणून ओमेगा-६ ची आपल्याकडे सहसा चिंता नसते, कमी पडतं ते ओमेगा-३. एकाच तेलाला चिकटून न बसता अधूनमधून तेल बदलावं, हे आपल्या वडीलधाऱ्यांचं सांगणं म्हणूनच चांगलं.

मग मार्कांचं काय?

आता भाचीचा खरा प्रश्न. या गोळ्यांनी मार्क वाढतात का?

इंग्लंडमध्ये दरॅम नावाचा परगणा आहे. तिथे २००६ साली, आपल्या दहावीसारख्या परीक्षेला बसणाऱ्या सुमारे ५००० मुलांना मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल द्यायचं ठरलं. केवढा गाजावाजा झाला! पण त्यात एक मोठी चूक होती. कॅप्सूल न घेणारी, पण बाकी सगळ्या बाबतीत तशीच असलेली मुलं तुलनेला ठेवलीच नव्हती. शेवटपर्यंत नेमानं कॅप्सूल घेणारी मुलं हजाराहूनही कमी उरली. आता तुम्हीच सांगा, रोज न विसरता कॅप्सूल घेणारा मुलगा अभ्यासही न विसरता करत असेल की नाही? मग त्याचे मार्क वाढले तर ते कॅप्सूलचे की त्याच्या नेमाचे? शास्त्रज्ञांनी हीच टीका केली.

नीट प्रयोग कसा असतो? दोन गट करायचे. एका गटाला खरी कॅप्सूल, दुसऱ्याला तशीच दिसणारी साध्या तेलाची. कोणाला कुठली मिळाली, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. ऑक्सफर्डमध्ये असा प्रयोग झाला. वाचनात मागे असलेल्या ७ ते ९ वर्षांच्या ३६२ मुलांना १६ आठवडे रोज डी.एच.ए. किंवा साधं तेल दिलं. २०१२ साली निष्कर्ष आला, की सगळ्या मुलांचा मिळून फरक दिसला नाही, पण वाचनात सर्वांत कच्च्या मुलांना थोडा फायदा झालेला दिसतो. सगळे खूश! पण शास्त्रात एकदा दिसून भागत नाही. त्याच संशोधकांनी पुन्हा तसाच प्रयोग केला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले, तर तो फायदा दिसला नाही. आणि त्यांनी ते मोकळेपणानं सांगून टाकलं.

आपल्या शेजारचंही उदाहरण आहे. बेळगावात साडेनऊशेहून अधिक गरोदर मातांवर असाच मोठा प्रयोग झाला. अर्ध्या मातांना बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज ४०० मिलिग्रॅम डी.एच.ए. दिलं, अर्ध्यांना साधं तेल. बाळं वर्षाची झाल्यावर त्यांची समज, हालचाल, बोलणं तपासलं. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

याचा अर्थ ओमेगा-३ नको, असा मुळीच नाही. ते शरीराला हवंच, म्हणून तर त्याला आवश्यक म्हणतात. अर्थ एवढाच, की ज्याला जेवणातून पुरेसं मिळतंय, त्यानं वरून आणखी घेतल्यानं हुशारी वाढते, असं नीट केलेल्या प्रयोगांत ठामपणे दिसलेलं नाही.

मी भाचीला म्हटलं, "बाळा, त्या गोळीनं तुझे मार्क वाढणार नाहीत. आणि म्हणूनच, तुझे मार्क कमी आले तर आईचे पैसे तू वाया घालवलेस, असंही होणार नाही. तुझा अभ्यास तुझा, त्याचं ओझं त्या बाटलीवर नको आणि बाटलीचं तुझ्यावर नको." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असं ताई म्हणाली.

आई-बाबांसाठी

तरीही काही घरांत कॅप्सूल घ्यायची वेळ येते. डॉक्टरांनी सांगितलं असेल, किंवा मासे आणि जवस दोन्ही चालत नसतील. तेव्हा एवढं पाहा.

एक, ई.पी.ए. आणि डी.एच.ए. यांची बेरीज मागच्या बाजूला वाचा. दोन बाटल्यांची तुलना त्या बेरजेवरून करा, पुढच्या आकड्यावरून नको.

दोन, शाकाहारी असाल तर शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, त्यात डी.एच.ए. थेट असतं. जवसाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये ते नसतं. शिवाय तेल वनस्पतीचं असलं तरी वरचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असू शकतं. म्हणून शाकाहाराची हिरवी खूण पाहूनच घ्या.

तीन, मासळीचं तेल आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वं पुष्कळ असतात. ती शरीरात साठतात. मुलाला आधीच एखादं जीवनसत्त्वाचं टॉनिक चालू असेल तर दोन्ही मिळून अतिरेक होऊ शकतो.

चार, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि मुदत पाहा. आपल्याकडे अशा पूरक पदार्थांवर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ज्या बाटलीवर ही सूचना आहे, तिनं आजार बरा होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पाच, कॅप्सूलला खवट वास आला तर ती टाकून द्या. मुलाला माशांची ॲलर्जी असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नका.

आणि सहावी गोष्ट मनापासून सांगते. कॅप्सूलसाठी ताटातलं काढू नका. आधी ताट, मग बाटली.

पुढे काय झालं?

ताईनं बाटली जवळच्या डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, आणलीच आहे तर रोज एक देऊन संपवा, दुसरी आणायची गरज दिसत नाही. दूध पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. शुक्रवारी मासळीवाली मावशी आली तेव्हा ताईनं चार बांगडे घेतले. कोकम, आलं-लसूण लावून तव्यावर खरपूस भाजले, तर भाचीला वासाचं काही वाटलं नाही! जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा आजींची बरणी आहेच. आणि त्या शाकाहारी मैत्रिणीनं आजींकडून चटणी शिकून घेतलीय.

भाचीची परीक्षा अजून व्हायची आहे. मार्क किती पडतील ते मला ठाऊक नाही. पण रात्री ती साडेदहाला निवांत झोपते, एवढं ताईनं फोनवर सांगितलं.

या आठवड्याचा उपक्रम: घरातल्या तेलाची पिशवी किंवा डबा घ्या. मागच्या बाजूला काय काय लिहिलंय ते वहीत उतरवा. मग आजीला किंवा आईला विचारा, तुमच्या गावाकडे जवस, तीळ, कारळं यांची कुठली चटणी करतात. कृती लिहा आणि एक दिवस मोठ्यांच्या मदतीनं करूनही पाहा. भाजताना गॅसपाशी एकट्यानं जायचं नाही बरं का!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमची,
मावशी